अख्खं मावेल असा कॅमेरा

"नक्की काय काढायचंय तुम्हाला?" शिकलगारांनी मला दुसऱ्यांदा विचारलं.

"जमिनीवरचं चित्र," मी म्हटलं.

"रांगोळी?"

"नाही. कातळात कोरलेलं. फार मोठं आहे. बाजूला उभं राहिलं की दिसतच नाही, नुसत्या रेघा दिसतात."

त्यांनी हातातला मऊ ब्रश खाली ठेवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. कोल्हापुरात एका लाकडी जिन्याच्या वर त्यांचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान होतं. दिलावर शिकलगार साठीकडे झुकलेले, अंगात पांढरा हाफ शर्ट, बोलणं सावकाश. मी लांज्याहून सकाळच्या एसटीने आंबा घाट चढून आले होते आणि संध्याकाळच्या गाडीने मला परत जायचं होतं. वर्तमानपत्रातलं एका नव्या, छोट्या डीएसएलआरच्या जाहिरातीचं कात्रण माझ्या पर्समध्ये होतं. तोच कॅमेरा घ्यायचा असं ठरवून मी आले होते.

मी तेव्हा लांज्याच्या हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायचे. आमचं घर तिथून आत, धामणवाडीला. घराच्या मागची चढण चढली की सडा लागतो. सडा म्हणजे सपाट, उघडा कातळ. झाड नाही, पाणी नाही, पावसाळ्यात तेवढं गवत. आमच्या वाट्याच्या सड्यावर एका ठिकाणी कातळात खोल रेघा होत्या. बोट जाईल एवढ्या खोल, तळहाताएवढ्या रुंद. गावात त्या जागेला रेघांची पाटी म्हणत. कोणी काढल्या, कधी काढल्या, कोणालाच माहीत नव्हतं आणि कोणी विचारतही नसे. बायका डोक्यावर गवताचे भारे घेऊन त्यांच्यावरून जात. आम्ही लहानपणी त्यांच्यातून पळत खेळलो होतो.

मोठेपणी चित्रकला शिकून आल्यावर मला त्या रेघा गप्प बसू देईनात. हात सारखा न थांबता फिरलेला आहे, हे मला दिसायचं. पण कशाभोवती फिरलाय ते कळायचं नाही. सुट्टीत मी हिराच्या झाडूने माती काढायचे, रेघांमध्ये पांढरी रांगोळी भरायचे आणि शाळेच्या छोट्या कॅमेऱ्याने फोटो काढायचे. एका फोटोत पायासारखं काहीतरी यायचं, दुसऱ्यात नुसती वळणं. सगळे फोटो मी चित्रकलेच्या वर्गात जमिनीवर जुळवून पाहिले होते. रेघा एकमेकींना भेटत नव्हत्या.

त्या वर्षी शिमग्याला घरी गेले तेव्हा दादाने सांगितलं की सडा चिरेखाणीला द्यायचं ठरलंय. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, जनार्दन. आईवडलांच्या मागे घर, गोठा, भातशेती सगळं त्याच्या एकट्याच्या अंगावर होतं. मी विरोध केला तेव्हा तो चिडला नाही. तू शिकलीस, बाहेर राहिलीस, सुट्टीत येतेस आणि सडा झाडतेस, असं म्हणाला. मला तो सडा खायला देत नाही की प्यायला देत नाही. चिऱ्याला तरी लोक विचारतात. मी म्हटलं, निदान त्या रेघा काय आहेत ते कळू दे. त्यावर तो बराच वेळ सुपारी कातरत बसला.

"किती वर्षं बघतेस गो?" तो शेवटी म्हणाला. "सोमवारी मशीन येतंय. तोवर काय काढायचं ते काढ. मंग मी ऐकणार नाय."

हे सगळं मी शिकलगारांना सांगितलं नाही. फक्त एवढंच सांगितलं की चित्र येत्या सोमवारपर्यंतच आहे.

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. कपाटातून जाहिरातीतला तोच छोटा कॅमेरा काढला, त्याला एक रुंद तोंडाची लेन्स लावली आणि मला बाहेरच्या सज्जात नेलं. खाली चौक होता. मधे पिंपळाचा पार, पारावर बसलेली माणसं, एका बाजूला चपलांची दुकानं, दुसऱ्या बाजूला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. मी कॅमेरा डोळ्याला लावला. पार दिसला. चपलांची दुकानं अर्धी दिसली. गुऱ्हाळ दिसलं नाही.

"मागे सरका," ते म्हणाले.

माझी पाठ भिंतीला टेकलेली होती.

मग त्यांनी आत जाऊन दुसरा कॅमेरा आणला. तो मोठा, जड आणि जुना होता. कोपऱ्यांवरचा काळा रंग उडून आतला धातू चमकत होता. मुठीचं रबर मात्र नवं चिकटवलेलं होतं. तीच लेन्स त्यांनी काढून याला लावली आणि माझ्या हातात दिला. मी तिथेच उभी होते, पाठ भिंतीलाच होती. डोळा लावला. सगळा चौक आत आला होता. पार, पिंपळ, चपलांची दुकानं, गुऱ्हाळ, गुऱ्हाळावरची घुंगरं, वरच्या गच्चीतली वाळत घातलेली धुणी, आणि त्या सगळ्यांच्या वर आभाळ. मी कॅमेरा खाली घेऊन नुसत्या डोळ्यांनी पाहिलं आणि परत डोळा लावला. बारीक भोकातून पाहिल्यासारखं नव्हतंच ते. कोणीतरी खिडकीची दोन्ही दारं उघडून दिल्यासारखं वाटलं.

"हे फुल फ्रेम," शिकलगार म्हणाले. "आत पूर्वीच्या फिल्मच्या मापाचा सेन्सर आहे. लेन्स जेवढं बघते तेवढं हा सगळं घेतो. छोट्या कॅमेऱ्यात कडेचं कापलं जातं."

हा कोणाचा होता, असं मी विचारलं. बेळगावच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरचा, ते म्हणाले. त्याने नवा घेतला, हा सर्व्हिसला जाऊन रिफर्बिश होऊन आला. शटर बदललंय, सेन्सर साफ केलाय, बॅटरी नवी आहे. मग त्यांनी न विचारता त्याचे दोषही सांगितले. वजन जास्त, पाठीमागचा पडदा आजच्या मानाने लहान, कमी उजेडात नव्यांच्या बरोबरीने चालायचा नाही.

"पण उजेड द्या त्याला," ते म्हणाले. "उजेड दिला की तक्रार करणार नाही."

कात्रणातला कॅमेरा चकचकीत होता, नवा होता, त्याच्यासोबत पिशवीही मिळणार होती. हा कोणीतरी वापरून सोडलेला. पण मी एकदा तो चौक पाहिला होता. मी जुनाच घेतला, आणि ती लेन्सही.

बांधून देताना त्यांनी विचारलं, "उंची कुठनं आणणार?"

"शिडी आहे घरी," मी म्हटलं.

त्यांनी लेन्सचं झाकण नीट बसलंय का ते एकदा दाबून पाहिलं आणि कॅमेरा माझ्याकडे दिला.

परतीच्या गाडीत तो माझ्या मांडीवर होता. घाट सुरू झाल्यावर मी हळूच बाहेर काढला आणि खिडकीतून डोळा लावला. दरी इतकी खोल आणि इतकी एकसंध मी कधी पाहिली नव्हती. शेजारच्या बाईने विचारलं, पत्रकार आहात का? मी नाही म्हटलं आणि पुन्हा बघायला लागले.

रविवारी सकाळी मी आणि दादा सड्यावर गेलो. तो शिडी घेऊन आला, हेच मला खूप वाटलं. मी रेघा झाडल्या, रांगोळी या वेळी भरली नाही. सावलीच रेघ दाखवेल असं मला वाटत होतं. दादा शिडी धरून उभा राहिला आणि मी चढले.

पहिल्यांदाच मला त्या रेघांचा मोठा तुकडा एका नजरेत दिसला. एक लांबच लांब वाकलेली रेघ, तिच्या खाली उभ्या रेघा. पण त्या रेघेचं एक टोक दूर कुठेतरी चपटं होऊन हरवून जायचं. शिडी पलीकडे नेली की ते टोक दिसायचं आणि हे हरवायचं. आम्ही चारी बाजूंनी शिडी फिरवली. एका ठिकाणी मी अगदी वरच्या पायरीवर उभी राहिले, तेव्हा दादाने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"पडशील," तो म्हणाला. "त्या दगडासाठी हातपाय मोडून घेऊ नको."

ऊन डोक्यावर आलं तसा कातळ पांढरा पडला आणि रेघा पुसल्यासारख्या झाल्या. मी शिडीच्या पायाशी बसले. मांडीवरच्या पडद्यावर एकामागून एक फोटो पाहत होते. फोटो स्वच्छ होते, दगडावरचा कण न् कण दिसत होता. कॅमेऱ्याने त्याचं काम केलं होतं. उंची मात्र कुठल्याच लेन्समध्ये मिळत नव्हती.

"झालं समाधान?" दादाने विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तेवढ्यात खालून घरघर ऐकू आली. चढणीवरून पिवळा जेसीबी वर येत होता. खाणीसाठी ट्रकचा रस्ता करायला तो सोमवारी यायचा होता, पण दुसरीकडचं काम लवकर आटपलं म्हणून ठेकेदाराने एक दिवस आधीच पाठवला होता. चालवणारा मल्लाप्पा विजापूरकडचा, पस्तिशीतला, मान हलवत बोलणारा माणूस. त्याने मशीन सड्याच्या कडेला लावलं आणि सावलीला म्हणून त्याच्याच चाकाशी बसला. वहिनीने आमच्यासाठी भाकरी आणि सुक्या बांगड्याचं कालवण दिलं होतं. दादाने त्यालाही जेवायला बोलावलं.

जेवताना त्याने विचारलं, ताई काय मोजतायत?

"बहीण हाय माझी," दादा म्हणाला. "फोटो काढतेय. उद्यापासून तुझंच हाय सगळं."

मी मशीनकडे पाहत होते. पुढे ते रुंद बकेट होतं, लोखंडी, दोन माणसं उभी राहतील एवढं. मी मल्लाप्पाला विचारलं, हे किती वर जातं? त्याने हात डोक्यावर नेऊन अजून वर, अजून वर असं दाखवलं. मग मी काय विचारणार ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याने जोरात मान हलवली. माणूस वर घ्यायचा नाही, मालकाची सक्त ताकीद आहे, काही झालं तर त्याची नोकरी जाईल. ते खरंच होतं. मी पुन्हा विचारलं नाही.

दादा हात धुऊन आला. गोणपाटावर बसला, सुपारी काढली, कातरली, खाल्ली. ऊन कलायला लागलं होतं. दगडांच्या पोटाला बारीक सावल्या फुटत होत्या.

"मल्लाप्पा," तो म्हणाला, "मालकाला मी सांगतो. जबाबदारी माझी. दोरीनं बांधू तिला."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"उद्या म्हणायला नको, भावानं वर चढू दिलं नाय म्हणून," तो म्हणाला.

मल्लाप्पाने मशीन सुरू केलं. दादा त्याच्या पुढे पुढे चालत वाट दाखवू लागला. एका ठिकाणी त्याने हात वर करून थांबवलं, चाकाशी वाकून पाहिलं, आणि मशीन थोडं मागे घेऊन डावीकडून आणायला लावलं. चाकाखाली एक रेघ येत होती. उद्या ज्या जागेवर खोरं लागायचं होतं, तिथली रेघ त्याने आज चुकवली. त्याला ते जाणवलं की नाही मला माहीत नाही.

गाई बांधायच्या दोरीने त्याने मला बकेटच्या कडेला कमरेपाशी बांधलं. गाठ दोनदा ओढून पाहिली. कॅमेरा माझ्या गळ्यात होता. मल्लाप्पाने हळूहळू दांडा ओढला आणि सडा माझ्या पायांखालून खाली जायला लागला.

सुरुवातीला मला काहीच दिसलं नाही, कारण मी डोळे मिटले होते. हालचाल थांबली, मशीनचा आवाज मंदावला, तेव्हा मी न बघताच कॅमेरा वर घेतला आणि डोळा त्याला लावून मगच उघडला.

पहिलं शिंग दिसलं. कोयत्यासारखं वळलेलं, टोकाला निमुळतं. शिंगाच्या मुळाशी कान. कानापासून सुरू होऊन एक रेघ वर चढत गेली. वशिंडावर क्षणभर थांबून ती लांब पाठीवरून पार दुसऱ्या टोकाला उतरली आणि तिथे शेपटी झाली. मी ज्यांना कधी पायवाट, कधी कुंपण समजत होते ते पाय होते. चार, खुरांसकट. मागचे दोन किंचित वाकलेले. ते जनावर एवढं मोठं होतं की आमचं अख्खं घर, अंगण आणि गोठा त्याच्या पाठीखाली मावला असता. आणि ते सगळं त्या चौकटीत होतं. शिंगापासून शेपटीपर्यंत कुठेही कापलं गेलं नव्हतं. तिरप्या उन्हात प्रत्येक रेघेच्या एका काठाला सावली आणि दुसऱ्या काठाला सोनं होतं.

मग माझ्या लक्षात आलं की मान पुढे नाहीये. मान मागे वळलेली होती. ते जनावर आपल्याच कुशीकडे बघत होतं.

मी कॅमेरा किंचित हलवून पोटाकडे पाहिलं. तिथे रेघांचा एक गोल गुंता होता. तोच मला इतकी वर्षं छळत होता. फोटो जुळवताना तोच कशात बसत नव्हता. वरून तो गुंता नव्हता. दुमडलेले पाय, त्यांच्यावर टेकलेलं डोकं, पाठीचा बाक. पोटात वासरू होतं.

किती वेळ मी तशीच उभी होते कोण जाणे. खालून मल्लाप्पाने हाक मारली तेव्हा कळलं, मी एकही फोटो काढलेला नाही. मग मी काढत सुटले. उभे, आडवे, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. कॅमेरा हलू नये म्हणून कोपर बकेटच्या काठावर टेकवलं. त्या जुन्या कॅमेऱ्याच्या शटरचा आवाज मोठा होता, लाकडावर हातोडी ठोकल्यासारखा. त्या उघड्या सड्यावर तेवढा एकच आवाज होता.

खाली आल्यावर दादाने दोरी सोडली. मशीनच्या सावलीत जाऊन मी पडदा त्याच्यापुढे धरला. त्याने दोन्ही हातांनी आडोसा केला आणि वाकून पाहिलं. आधी त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग त्या हळूहळू गेल्या.

"हे आपल्या सड्यावर?" त्याने विचारलं.

"इथंच. आपण उभे आहोत तिथे मागचा पाय आहे."

त्याने झटकन खाली पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं. पुन्हा पडदा पाहिला. पोटावर त्याची नजर थांबली. मी काही सुचवलं नाही. आमच्या गोठ्यात आजवर किती गाई व्याल्या असतील, आणि लहानपणापासून आम्ही दोघं त्या पाहत आलो होतो. तो कॅमेरा थोडा फिरवून, मान वाकडी करून पाहत राहिला.

"पाय पुढं आलेत," तो हलक्या आवाजात म्हणाला. "डोकं पायांवर हाय. ही व्यायला टेकलेय, कुंदे. वळून बघतेय ती."

"हो."

"मला वर जाऊ दे."

मल्लाप्पा एव्हाना स्वतःच खाली उतरून आमच्या खांद्यावरून पाहत होता. या वेळी त्याने ताकीद वगैरे काही काढलं नाही. मी दादाच्या कमरेला दोरी बांधली, कॅमेरा त्याच्या गळ्यात घातला आणि कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. त्याने आयुष्यात तोवर फोटो काढला नव्हता. बोट बटणावर ठेवून तो ते दाबायचा सराव करत होता, एखाद्या अवघडलेल्या गाईच्या अंगाला हात लावावा इतक्या जपून.

बकेट वर गेलं. मला दादाची फक्त पाठ आणि मानेचा मागचा भाग दिसत होता. त्याने कॅमेरा लगेच उचलला नाही. नुसता उभा होता. वाऱ्याने त्याचा सदरा फडफडत होता. उन्हाचा रंग बदलत गेला, तरी तो हलला नाही. मल्लाप्पाने माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच विचारलं, खाली घेऊ? मी नको म्हटलं.

मग वरून आवाज आला. "कुंदे, वासराच्या डोक्यापाशी जा."

मी गेले. जमिनीवर पुन्हा नुसत्या रेघा होत्या. ते डोकं नेमकं कुठे, हे मला इथून कळेना. तो वरून सांगत गेला, डावीकडे, अजून थोडी, तिथंच. मी उभी राहिले आणि वर पाहिलं. त्याच्या तोंडापुढे कॅमेरा होता. बराच वेळ होता. मग तो शटरचा आवाज आला, एकदाच.

"केवढीशी दिसतेस गो तू!" तो म्हणाला.

खाली आल्यावर तो मशीनच्या चाकाला टेकून बसला आणि खिशातून फोन काढला. ठेकेदाराशी त्याचं बोलणं मी ऐकलं. खाण नाही होणार, तो म्हणाला. पलीकडून बरंच काही बोललं गेलं असावं. दिलेला शब्द, ठरलेला व्यवहार. दादा सगळं ऐकून घेत होता, मधे मधे खरं हाय, खरं हाय म्हणत होता. शेवटी तो म्हणाला की शब्द मी मोडतोय, माझं चुकतंय, पण इथे आता खोरं लावता येणार नाही. का ते त्याने सांगितलं नाही. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतंच.

पुढे त्याला त्याचा त्रास झाला. ठेकेदाराने गावात त्याचं नाव खराब केलं, दोन वर्षं त्याच्याशी कोणी व्यवहार करायला धजावत नव्हतं. वहिनीही रागावली होती. मग माझे फोटो पाहून पुण्याहून अभ्यासक आले, त्यांनी मोजमापं घेतली. गवा असेल, रानम्हैस असेल, किंवा आता कोकणात न उरलेलं दुसरंच काही असेल, असं ते म्हणाले. किती जुनं यावरही त्यांचं एकमत झालं नाही. काही हजार वर्षं, एवढंच सगळे मान्य करतात. ग्रामपंचायतीने कडेला लोखंडी मनोरा उभारला. आता लोक येतात. दादा त्यांना ताक देतो आणि ऊन कलेपर्यंत थांबवून ठेवतो.

त्या संध्याकाळी मात्र तिथे आम्ही दोघंच उरलो होतो. मल्लाप्पा मशीन घेऊन उतरून गेला होता. जाण्याआधी त्याने मला एक फोटो त्याच्या मुलीसाठी मागितला होता. दादाने शिडी खांद्यावर घेतली, मी झाडू आणि डबा घेतला, आणि आम्ही घराकडे निघालो. रेघा आता परत मिटायला लागल्या होत्या. चढण उतरायच्या आधी दादा थांबला आणि शिडी खाली ठेवली.

"त्याच्याकडं जेसीबी नव्हता, कुंदे," तो म्हणाला.

तो कोणाबद्दल बोलतोय ते मला लगेच कळलं नाही. मग कळलं.

"झाड नाय इथं. टेकाड नाय," तो म्हणाला. "जमिनीवर बसून, दगडानं दगड फोडत काढलंय त्यानं. शिंग काढताना शेपूट दिसत नाय. शेपटीकडं गेला की शिंग दिसत नाय." तो मागे वळून त्या उघड्या कातळाकडे बघत होता. "म्हणजे ज्यानं काढलं, त्यानंसुद्धा हे अख्खं कधी बघितलं नाय."

चित्रकलेची इतकी वर्षं माझ्या पाठीशी होती, पण हे माझ्या मनात आलं नव्हतं.

"आपण बघितलं," तो म्हणाला.

त्याने शिडी पुन्हा खांद्यावर घेतली. दुसऱ्या हाताने माझ्या गळ्यातला कॅमेरा मागितला आणि आपल्या गळ्यात अडकवला. मग तो माझ्या पुढे झाला. सडा संपून मातीची वाट लागली तरी तो पायाखाली बघत बघतच चालत होता.